सालिमचाचांचा डावा पाय

शिवाजी पेठ, कोल्हापूर
९ फेब्रुवारी

राजू,

आशीर्वाद, खुशाली सगळं मागनं. आधी कामाचं. तुझे सालिमचाचा आणि त्यांची लेक शमसा काल सकाळी गाडीनं मुंबईला गेले आणि तिथनं रात्रीच्या विमानानं मस्कतला. आज ते तुझ्या गावात पोचले असतील. टाके निघालेत, नवा गुडघा छान वाकतोय. काठी टेकत जिना उतरले तेव्हा गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्यानं हात वर करून असा सलाम केला की जणू मॅच जिंकून आलाय.

"आक्का, फोन करू नकोस, फोनवर तू भांडतेस, काय असेल ते लिहून पाठव," असं तूच म्हणालास, म्हणून ही मेल. मला लिहूनही भांडता येतं हे तुला अजून माहीत नाही.

वाटणी बघ आपली कशी आहे. तू तिकडं ओमानमध्ये फिजिओ म्हणून लोकांना व्यायाम शिकवणार आणि गुडघा बदलायला कोल्हापूरला जा म्हणून सांगणार. हायवेवरचं हॉस्पिटल गुडघा बदलणार आणि फोटो काढणार. आणि सुट्टी मिळाल्यापासून विमानात बसेपर्यंत पेशंट सांभाळणार कोण, तर मी, आपल्या माडीवरच्या दोन खोल्यांत. हगणं-मुतणं, खाणं, गोळ्या, रात्रीचं कण्हणं, सगळं माझ्याकडं. हॉस्पिटलची जाहिरात बघ, गुळगुळीत कागदावर अरबीत छापलीय, खजुराच्या झाडासकट. आणि घरी गेल्यावर काय करायचं, काय नाही, तो कागद इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. चाचांनी तो चष्मा लावून उलटा धरला होता. व्यायामाला त्यांचा माणूस येणार होता, तो दोनदा आला, मग त्याचा फोन लागेना. व्हिसा संपत आलेला, वाढवून घ्यायला गेले तर पोलीस ऑफिसात हा कागद आणा, तो कागद आणा. शेवटी शमसाच म्हणाली, दीदी, जाने दो, हम जाते हैं. गेले.

पण एक सांगते, माणूस लाखात एक. पांढरा रस्सा त्यांना इतका आवडला की वाटीनं प्यायचे. तांबड्याला हात लावला नाही, लांबनंच "नार, नार" म्हणायचे, म्हणजे आग. संध्याकाळी आण्णांच्या बरोबर खाली कट्ट्यावर खुर्ची टाकून बसायचे. आण्णांना हिंदी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, आणि तरी दोघं दिवेलागणीपर्यंत बोलत बसायचे. तालमीतली पोरं फुटबॉलची जर्सी घालून गेली की दोघं मिळून त्यांना शिव्या घालायचे, हे अरबीत, ते कोल्हापुरीत. तू गेल्यापासून मी आण्णांना एवढं हसताना बघितलं नव्हतं.

पोटच्या पोराचं, तुझं नाव आण्णा अजून घेत नाहीत. "तिकडचा" म्हणतात.

डावा पाय जरा जड वाटतोय असं चाचा म्हणत होते. प्रवासाचा विचार, दुसरं काय. तू बघशीलच.

आक्का

१२ फेब्रुवारी

राजू,

तुझी मेल वाचली. तीन ओळी, तीन प्रश्न, खाली नावसुद्धा नाही. फौजदार झालास की काय तिकडं.

नाही, ते पडले नाहीत. नाही, कशावर आपटले नाहीत. नाही, इथं पायाला काही झालं नाही.

पाय सुजलाय तर तो त्या प्रवासानं सुजला. अरे, दिवसभर गाडीत पाय लोंबत ठेवून बसवलं त्यांना. ड्रायव्हरला मी हात जोडून सांगितलं होतं, अधूनमधून उतरवून चालव बाबा, तर तो पठ्ठ्या एकदा कराडला चहाला थांबला ते थेट मुंबई. विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेवलेली मिळेना, शमसानं बापाला धरून लाईनीत उभं केलं. आपल्या गावात विमानतळ आहे म्हणून छाती फुगवायची, आणि नव्या गुडघ्याच्या माणसानं बाहेर देशात जायचं तर आधी हाडं खिळखिळी करून घ्यायची. पंधरा देशांतले पेशंट येणार म्हणून हॉस्पिटलवाले बोर्ड लावतात. येणार कसे आणि जाणार कसे, हे त्या बोर्डवर लिहिलेलं नाही.

हॉस्पिटलला फोन केला. ऑपरेशन करणारे डॉक्टर बोलले नाहीत. शिवांश बोलला, तो परदेशी पेशंट बघणारा टायवाला. म्हणाला, "मॅडम, डिस्चार्जच्या वेळी पाय नॉर्मल होता, आमच्याकडं नोंद आहे. त्यानंतरचं आमच्यावर येत नाही. आणि तुम्ही पण लेखी कुणाला काही देऊ नका, उगीच तुमच्या घराचं नाव खराब होईल." बोलतोय गोड, आतनं टोचतोय.

म्हणून सांगते, तूही मला असं खोदून खोदून विचारू नकोस. आणि आण्णांना मधी आणू नकोस. तू त्यांचं नाव काढलं नाहीस, तरी सांगून ठेवते.

गोळ्या वेळेवर दिल्या. रोज संध्याकाळी माझ्या हातानं दिल्या, ती रक्त पातळ करायची पण. त्यात चूक काढायला जागा नाही.

चाचांना सांग, कट्ट्यावरची खुर्ची तशीच ठेवलीय.

आक्का

१३ फेब्रुवारी, सकाळ

राजू,

जिना चढले, उतरले, परत चढले. दूध उतू गेलं, पुसायचं ध्यान राहिलं नाही. तुझं रात्रीचं पत्र वाचल्यापासून एका जागी बसवत नाही.

पोटरी दगडासारखी झालीय म्हणतोस. बोटांना मुंग्या, पाऊल गार. तिथला डॉक्टर म्हणतो शिरेत गुठळी अडकलीय, म्हणून रक्त आणखी पातळ करायची इंजेक्शनं पोटात देतोय, आणि दिल्यापासून पाय उतरायचा सोडून वाढतोय. तुला वाटतंय ही गुठळीच नाही, आतल्या आत रक्त सुटलंय, आणि तसं असेल तर ही इंजेक्शनं म्हणजे विषच, पाय कापायची वेळ येईल. तपासायचं मशीन मस्कतला. आणि डॉक्टर विचारतोय की आपोआप कसं सुटेल रक्त, कारण सांगा, नाहीतर मी औषध बदलणार नाही.

आणि मग तू विचारतोस, "आक्का, कुणी पाय दाबला का?"

तुला हा प्रश्न सुचतोच कसा? सुचणारच म्हणा. तीन वर्षांपूर्वी त्याच हॉस्पिटलच्या स्टेजवर माईक हातात धरून तूच बोललास की, तालमीतल्या चोळण्यानं जेवढे पाय बिघडतात तेवढे अपघातानं बिघडत नाहीत. टाळ्या पडल्या तुला. जन्मभर तालमीत पाय चोळणारे आण्णा पहिल्या रांगेत होते, फेटा बांधून, पोराचं कौतुक बघायला. त्यांनी फेटा काढला, खुर्चीवर ठेवला आणि चालत घरी आले. हायवेपासून पेठेपर्यंत चालत. तो फेटा मी आणला परत, तुला माहीत पण नसेल. आणि आता तू मला विचारतोस, पाय कुणी दाबला.

बरं, ऐक. निघायच्या सकाळी मी त्यांना मोजा चढवत होते तेव्हा घोट्याच्या वर निळसर दिसलं. मला वाटलं पट्टी घट्ट झाली असेल. बोलले नाही कुणाला, गाडी दारात उभी होती.

आणि आण्णांनी एखाद्या वेळेस तेलाचा हात फिरवला असेल. वरवर. असेल म्हणते मी, मी समोर नव्हते.

एवढंच. पाठवते. नको, परत वाचते. नाही वाचत, पाठवते.

आक्का

१३ फेब्रुवारी, दुपार

राजू, हे आधी डॉक्टरला सांग, बाकीचं मागनं वाच.

आण्णांनी सालिमचाचांच्या डाव्या पोटरीला रोज दुपारी तेल लावून जोरात मालिश केली. टाके निघाल्यापासून अगदी जायच्या आदल्या दिवसापर्यंत. रक्त पातळ करायची गोळी चालू होती. पाय आधी दुखत नव्हता, मालिशनंतर दुखायला लागला. पोटरी इथंच टणक झाली होती. इंजेक्शन थांबवा.

तुला फोन लावून लावून दमले, बंद आहे. शमसाला सांगितलं, ती नुसती रडतेय, डॉक्टरला काय सांगायचं ते तिला सुधरत नाही. तुझ्या क्लिनिकमध्ये कुणी उचललं तो अरबीत बोलतोय. म्हणून लिहिते. वाचलंस की पळ.

सकाळचं पत्र खोटं होतं. एकदा नाही, वरवर नाही, आणि मी घरातच होते, मला सगळं माहीत होतं.

आता तू डॉक्टरकडं जाऊन आला असशील तर पुढचं वाच.

सकाळी तुला लिहून झालं आणि तासाभरात आण्णांच्या फोनवर शमसाचा व्हिडिओ कॉल. मी खाली पळाले, पण त्यांनी उचललेला. चाचा खाटेवर पडलेले, तोंड वाळलेलं, आणि काय म्हणत होते माहीत आहे? "वस्ताद, आप आ जाओ. पैर बहुत दुखता है. आपका हाथ लगाओ." अरे, त्यांना अजून वाटतंय की आण्णा असते तर बरं वाटलं असतं. शमसानं पांघरूण बाजूला केलं आणि पाय दाखवला. वांग्यासारखा पाय. आण्णांनी फोन जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "क्रांते, तिकडच्याला काय कळवलंयस तू?"

मी म्हटलं, काही नाही.

"काय न्हाय म्हंजी?"

मी सांगितलं. तू काय विचारलंस, मी काय उत्तर दिलं. आण्णा ओरडतील वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या मागनं माडीवर आले. तुला माहीत आहे, वरच्या खोल्यांत पेशंट नसताना ते कधी येत नाहीत. चाचांच्या कॉटवर बसले आणि म्हणाले, "लिव. मी सांगतो तसं लिव. तुझ्या पदरचं घालू नगंस."

हे घे त्यांचं.

"राजवर्धन. राजू नगं लिवू, राजवर्धन लिव. मी कृष्णात वस्ताद बोलतोय. तुझ्या पावण्याच्या डाव्या पोटरीला म्या हात लावला. गुडघ्याला न्हाय, टाक्याला न्हाय, खाली पोटरीला, आतल्या अंगानं. अंगठ्यानं. पैलवानाला लावतो तसा, जोर धरून. पयल्यांदा त्येला बरं वाटलं, झोप लागली. मागनं त्यो दुखतंय म्हनला, तवा म्या आजून दाबलं. मला वाटलं नस गोळा झालीया, मोकळी करावी. जायच्या आदल्या दिशी पोटरी घट लागली हाताला, तरीबी दाबली. गोळी कसली चालू हाय त्ये मला म्हाईत नव्हतं, पर म्या इचारलंबी न्हाय. आत काय झालंय त्ये मला कळत न्हाय. म्या काय केलं तेवढं कळतंय. डाक्टरास्नी सांग. घरच्या मान्सांनी केलं असं म्हनू नगंस. माझं नाव सांग."

हे त्यांचं संपलं. आता माझं ऐक, आणि हे ते खाली गेल्यावर लिहितेय.

आण्णा आधी तयारच नव्हते. चाचांनी पहिल्यांदा पाय पुढं केला तेव्हा आण्णाच नाही म्हणाले. "ऑपरेशनचा पाय हाय पावणं, आपलं काम न्हवं," असं म्हणून हात मागं घेतले. तुझं ते भाषण झाल्यापासून त्यांनी बाहेरच्या कुणाच्या पायाला हात लावला नव्हता, फक्त तालमीतली पोरं. पण चाचा हट्टाला पेटले. म्हणाले, "राजू बोलता है, मेरे अब्बा के हाथ में जादू है. बचपन में मेरा पैर मुड़ गया, सब बोले प्लास्टर, अब्बा ने तीन दिन में दौड़ाया. राजू रोज़ बोलता है."

रोज बोलतोस तू हे? मला तर कधी नाही बोललास.

आण्णांनी मला विचारलं, काय म्हणतोय पावणा? मी सांगायला नको होतं. पण मी सांगितलं. राजू, त्यांचं तोंड तू बघायला पाहिजे होतंस. उठले, खाली गेले, चुलीवर तेल कोमट केलं आणि वाटी घेऊन वर आले. मी जिन्यात आडवी उभी होते. मी बाजूला झाले.

मला माहीत होतं हे करायचं नसतं. त्या मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं मी वाचलेलं होतं. तरी मी बाजूला झाले, रोज दुपारी झाले. मला खाली ऐकू यायचं, आण्णा आपले मराठीत विचारायचे "हितं का? हितं?" आणि चाचा "एय वल्ला" म्हणायचे, म्हणजे हो, अगदी तिथंच. मला वाटायचं, काय होतंय, दोन म्हातारी माणसं आहेत, होऊ दे. संध्याकाळी मी गोळी द्यायची आणि दुपारी आण्णा हात लावायचे, आणि एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी बीकॉम झालेली बाई.

मी लपवलं कारण मला वाटलं, हॉस्पिटल सगळं आण्णांच्या अंगावर ढकलेल, केस होईल, म्हाताऱ्याला ह्या वयात चौकीत बसवतील. आणि तू. तू म्हणशील, बघ, मी म्हणालो होतो. ते ऐकण्यापेक्षा चाचांचा पाय गेलेला परवडला असं तर मला वाटत नव्हतं ना, हे मी स्वतःलाच सकाळपासून विचारतेय.

तू खरं बोलला होतास त्या दिवशी. फक्त आण्णांच्या तोंडावर, चार लोकांत, फेटा बांधून बसवून बोललास. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही आणि आज तो काढायची वेळ नाही.

वाचलंस की एक अक्षर पाठव. नुसतं "वाचलं" पाठव.

आक्का

१५ फेब्रुवारी

राजू,

"इंजेक्शन बंद. मस्कतला हलवलं. पोटरी उघडून रक्त काढलं. बोटं अजून सुन्न. थांब."

एवढंच पाठवलंस. मी हे इतक्यांदा वाचलंय की आता ते तुझ्या आवाजात ऐकू यायला लागलंय. थांब म्हणतोस. कशी थांबू? भाजी चिरायला घेते आणि विळीवर हात ठेवून बसते. कुणाचाही फोन वाजला की मी माझाच उचलून बघते. शाहूपुरीत बँकेत जायला निघाले, अर्ध्या वाटेवरनं परत आले, कारण फोन घरी राहिला असं वाटलं. फोन हातातच होता.

काल शिवांश आला होता. एकटा नाही, बरोबर त्यांचा कोण साहेब. शमसानं तिकडनं हॉस्पिटलला सगळं कळवलं वाटतं. साहेब कॉटवर बसायला पण तयार नाही, उभ्या उभ्या म्हणाला की आमचा तुमच्या घराशी काही संबंध नव्हता आणि इथनं पुढं नसेल, परदेशी पेशंट आता हॉटेलात ठेवणार. मी म्हटलं, संबंध नव्हता तर त्या अरबी जाहिरातीत आमच्या माडीचा फोटो कसा काय? शिवांशनं मान खाली घातली. साहेब म्हणाला, "अडाण्यांच्या हातात पेशंट दिला, हीच आमची चूक."

तेव्हा आण्णा जिन्यातनं वर आले. म्हणाले, "खरं हाय सायेब. चूक माझीच हाय, त्ये म्या लिवून दिलंय. पर टाकं काढल्यावर तुमचा एक तरी मानूस त्येचा पाय बघाय आला असता, तर त्येनं माझा हात धरला असता. त्यो कोन येनार हुता, त्येची वाट आमी बी बघत हुतो." दोघंही चहा पण न घेता गेले.

मला वाटलं आण्णांना आता जरा हलकं वाटेल. कसलं काय. तालमीत जात नाहीत. पोरं बोलवायला आली, कुणाचा तरी खांदा भरलाय म्हणून, तर आतनंच ओरडले, "दवाखान्यात जा." पोरं बघतच राहिली. जेवताना दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसतात, वाढलं की एक काढतात. चार वेळा विचारून झालं, "बोटं हलली का त्येची?"

मी काय सांगू त्यांना? तू काय ते पाठव. चांगलं नसेल तर तेही पाठव. आता ह्या घरात कुणी काही लपवणार नाही, ह्याची खात्री देते.

आक्का

१९ फेब्रुवारी

अंगठा हलला, वाचलं. आण्णांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "कुटला, पायाचाच न्हवं?" मी म्हटलं, पायाचाच. मग ते मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून तोंड धूत बसले.

बाकीची बोटं कधी हलतील? विचारून सांग. पाऊल गरम झालं का? हे मी नाही विचारत, आण्णा विचारतात. ते म्हणाले, डाक्टरास्नी नगं, त्येला स्वतः हात लावून बघाय सांग, आणि मग सांग म्हणावं.

"त्येला" म्हणाले. "तिकडच्याला" नाही. मी लिहून टाकलं, मला राहवलं नाही.

आक्का

२ मार्च

राजू,

आता जो फोन झाला, त्यात तुला आमच्याकडचं अर्धंच दिसलं असेल, कारण मी फोन वाकडा धरला होता. म्हणून बाकीचं लिहिते.

तू चाचांच्या घरनं फोन लावलास. मी उचलला तर समोर चाचा, गादीवर टेकून बसलेले, रोजे धरू देत नाहीत म्हणून रुसलेले. मला म्हणाले, "दीदी, सफेद रस्सा भेजो." वॉकर घेऊन अंगणापर्यंत चालतात, शमसानं सांगितलं. आणि मग त्यांनी आण्णांना हाक मारली, वस्ताद, वस्ताद, म्हणून. आण्णा दारात उभे होते, आत येईनात. मी हाताला धरून आणलं. कॅमेऱ्यासमोर उभे राहिले ते असे, कोर्टात उभे केल्यागत. चाचांनी पलीकडनं काय केलं, बघितलंस ना, शिव्या घालायला सुरुवात केली. अरबीत. कट्ट्यावरच्याच त्या शिव्या, फुटबॉलच्या पोरांना घालायचे त्याच. आण्णांना एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. म्हणाले, "घाल बाबा. आजून घाल." मग म्हातारा हसायला लागला आणि म्हणाला, उजवा गुडघा अजून बाकी आहे, पुढच्या वर्षी येणार, हॉटेलात राहणार नाही, वस्तादच्या घरी राहणार. पण हात लावायचा नाही, नुसतं बसायचं. आण्णांनी मला विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं. ह्या खेपेला मी न घाबरता सांगितलं.

मग तू तो पाय दाखवलास. मला वाटलं नुसता दाखवशील. तू खाली बसलास, त्यांची टाच तुझ्या मांडीवर घेतलीस, डाव्या हाताचा तळवा गुडघ्याखाली सरकवलास आणि उजवा हात पोटरीवर ठेवलास. चिरा दिलेली जागा लांबनं पण दिसत होती. तू डॉक्टरी भाषेत काहीतरी सांगत होतास, सूज एवढी, ताकद एवढी. आण्णा ऐकत नव्हते. ते नुसते तुझ्या हाताकडं बघत होते. आणि एकदम म्हणाले, "अंगठा लावू नगंस."

तू वर बघितलं नाहीस. म्हणालास, "न्हाय लावत, आण्णा. तळवाच हाय."

आणि तुमचं नेट गेलं.

ह्याच्या पुढचं तुला दिसलं नाही. पडदा काळा झाला तरी आण्णा फोन तसाच धरून बसले. मी म्हटलं, आण्णा, बंद झालाय, द्या इकडं. दिला नाही. धोतराच्या सोग्यानं काच पुसली. मग म्हणाले, "टाच मांडीवर घेतल्याबिगार पायाचं वजन कळत न्हाय. त्येला हे म्या कवा शिकवलं न्हवतं, क्रांते."

मी म्हटलं, बघून शिकला असेल लहानपणी.

"माझं सगळं सोडून दिलं म्हनत हुता की त्यो."

मी गप्प बसले, हे तू लिहून ठेव कुठंतरी. ते खाली गेले, तालमीकडं निघालेत वाटलं, चप्पल पण घातली. मग परत वर आले आणि म्हणाले, फोनची बॅटरी किती राहिलीय बघ.

फोन चार्जिंगला लावलाय. आण्णा चाचांच्या कॉटवर बसलेत, हात मांडीखाली नाहीत, मांडीवर आहेत. मी भांडणार नाही, मी नुसता फोन धरते, तू फोन

कर.

आक्का